बिनकिल्लीची पेटी

गेल्या वर्षी पुण्याच्या जुन्या बाजारात मी बुलेटला लावायची पत्र्याची एक पेटी घेतली. कुलूप होते, किल्ली नव्हती. "फोडा की, साहेब!" विकणारा म्हणाला. घरी येऊन हातोडी उचललीही. पण पेटी आडवी करताच आत काहीतरी खुळखुळले नि हात थबकला. परक्याचे दार लाथेने कसे उघडावे?

किल्लीवाल्याने कोरी किल्ली कुलपात घालून पिळली, मग उजेडात धरली. पितळेवर जिथे बारीक खुणा उमटल्या होत्या, तिथेच कानस फिरवली. पुन्हा घातली, पुन्हा घासली. तासाभराने कुलूप वळले.

आत प्लगचा पाना, तेलकट फडके आणि अंगाऱ्याची पुडी. कुणाच्या आईने दिली असेल? पाना मी वापरतो. पुडी तिथेच आहे.