रतनगड-हरिश्चंद्रगड : पैसे भरण्याआधी हे विचारा

थंडी पडली की मेसेज सुरू होतात, "दादा, रतनगड ते हरिश्चंद्रगड तीन दिवसांचा ट्रेक बुक केलाय, काय तयारी करू?"

तर ऐका. दिवसाला सात-आठ तास चालायचं. आधी रतनगडाच्या लोखंडी शिड्या, मग दाट रान, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि शेवटी कोकणकडा. पाठीवर तीन लिटर पाणी, सोबत टॉर्च, रात्रीसाठी स्वेटर. मोबाईलची रेंज धरूच नका. जेवण गावातल्या घरची पिठलं-भाकरी, आणि ती झकास असते.

आता जे जाहिरातीत नसतं ते. लीडर पुण्या-मुंबईचा, पण वाट दाखवतो गावचा वाटाड्या. कात्राबाईच्या रानात ढोरवाटा इतक्या फुटतात की त्याच्याशिवाय चकवा लागलाच समजा. मागच्या वेळी आमच्या वाटाड्याला विचारलं, दिवसाचे किती मिळतात? आमच्यातल्या एकाने भरलेल्या फीच्या चौथाईसुद्धा नाही. आम्ही पंचवीस जण, सगळ्यांचा विमा. त्याचा नाही.

म्हणून आयोजकाला तीन गोष्टी विचाराच. वाटाड्या स्थानिक आहे का आणि त्याला रोज किती देता? त्याचा विमा काढलाय का? मध्येच कोणाचा पाय मुरगळला तर कुठल्या गावात उतरवणार, गाडी कुठवर येते? टाळाटाळ केली तर दुसरा आयोजक बघा. दोन-तीनशे रुपये जास्त गेले तरी चालतील, तेवढे आपण एका हॉटेलात उडवतो.

विचारलंत तर काय उत्तर मिळालं, खाली जरूर लिहा.