चौकट उघडी, चौथरा बंद

शनिशिंगणापूरचा विषय निघाला की माणसं दारांपाशीच का अडतात, याचं मला नवल वाटतं. घरांना दारं नाहीत, नुसत्या चौकटी. साडेपाच फुटांची काळी शिळा उघड्यावर, वर छप्पर नाही. चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही. एवढं सगळ्यांना पाठ असतं. 2011 साली यूको बँकेनं तिथे कुलपाविना शाखा काढली आणि 2015 साली पोलीस ठाणं आलं, त्याच्या बातम्या झाल्या. 2010 साली एका भाविकाच्या गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार नोंदली गेली, तेव्हा देवच परीक्षेत नापास झाल्यासारखा आनंद काहींना झाला. श्रद्धाळू चोऱ्या होत नाहीत म्हणून देव आहे म्हणतात, टीकाकार एक चोरी दाखवून तो नाही म्हणतात. रोजच्या जगण्यात देव हजर आहे की नाही हे पोलिसांच्या नोंदवहीवरून ठरतं, हे मात्र दोघांनाही मान्य! मला ते मुळातच मान्य नाही.

आम्हा ख्रिस्ती लोकांकडे नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे देवाच्या येण्याची वाट पाहण्याचे. शिंगणापूर ज्या नेवासे तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि त्याच तालुक्यात वडाळ्याला एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. तेव्हा हा काळ इथे परका नाही. या काळातले पाठ मात्र विलक्षण आहेत. 2025 साली 30 नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी कॅथलिक चर्चमध्ये मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातला भाग वाचला गेला. त्यात प्रभूचं येणं चोराच्या येण्यासारखं सांगितलंय: घरधन्याला वेळ ठाऊक नसते, म्हणून त्यानं जागं राहायचं. मार्कच्या तेराव्या अध्यायातही दारावरच्या राखणदाराला जागं राहायला सांगितलंय. शिंगणापुरात देव चोराला लांब ठेवतो आणि आमच्या शास्त्रात तो स्वतःच चोरपावलांनी येतो. तिथे देवाची नजर माणसावर, इथे माणसानं नजर लावायची देवाच्या वाटेकडे. तरी खरं सांगायचं तर शिंगणापूरची रीत मला आमच्यापेक्षा सरस वाटत आली आहे. आम्ही चार रविवार मेणबत्त्या लावतो आणि रात्री कडी घालून झोपतो. त्यांनी कडीच ठेवली नाही. कुत्री आत येऊ नयेत म्हणून फळी टेकवून ठेवतात, तेवढंच.

यावर ठरलेला आक्षेप असा, की ही श्रद्धा नव्हे, भीती आहे. साडेसातीचा धाक काढून घ्या, महिनाभरात दारं बसतील. अर्धा आक्षेप मी मान्य करतो. चोराला रोखते ती भीतीच. पण दार न बसवणारा घरधनी चोर नसतो. संसार उघडा टाकून शेतावर जाणाऱ्या बाईच्या मनात जे असतं त्याला धाक म्हणता येणार नाही. आणि चोर काय दारातूनच येतो? 2025 साली बनावट ॲपवरून पूजेच्या नावानं भाविकांकडून पैसे घेतल्याच्या तक्रारी झाल्या, पोलिसांत गुन्हा दाखल झाला. चौकटी तेव्हाही उघड्याच होत्या.

मला खरं खटकतं ते वेगळंच. 28 नोव्हेंबर 2015, शनिवार. शिळेच्या चौथऱ्यावर स्त्रियांना बंदी होती. एक स्त्री गर्दीतून त्या चौथऱ्यावर चढली, शिळेवर तेल वाहिलं आणि निघून गेली. तिनं काही चोरलं नाही, काही मोडलं नाही. देवाला जे वाहायचं तेच वाहिलं. त्यावर काय झालं? सुरक्षा कर्मचारी निलंबित झाले, शिळेला दुधानं धुऊन शुद्धीकरण झालं, गावानं बंद पाळला. पाकीट मारणाऱ्यासाठी या गावानं कधी असा बंद पाळल्याचं माझ्या ऐकिवात नाही. दुसऱ्याच दिवशी, 29 तारखेला, आगमनकाळाचा पहिला रविवार होता. मी योगायोगातून दैवी संकेत काढणाऱ्यांतला नाही, पण या तारखा मला सोडवत नाहीत. न सांगता, न विचारता कुणी यावं आणि राखणदारांना ते संकट वाटावं, याहून आगमनकाळाचा पाठ वेगळा काय असतो? पुढचा क्रम तर आणखी बोलका आहे. स्त्रियांच्या प्रवेशाचा हा प्रश्न डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 2000 च्या सुमारासच हाती घेतला होता. मंदिरप्रवेशाचा कायदा 1956 चा. 26 जानेवारी 2016 ला भूमाता ब्रिगेड या संघटनेच्या बायका चौथऱ्यावर जायला निघाल्या, त्यांना वाटेत सुप्यालाच अडवलं. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या; 1 एप्रिलला न्यायालयानं कायद्याची अंमलबजावणी करणं सरकारचं कर्तव्य असल्याचं सांगितलं. तरी चौथरा उघडला नाही. 8 एप्रिलला, गुढीपाडव्याला, तेव्हा पुरुषांनाही असलेली बंदी झुगारून पुरुष वर चढले, त्यांनी पाणी घातलं, आणि मग कुठे विश्वस्तांनी चौथरा सगळ्यांना मोकळा केला. म्हणजे बायकांनी मागितलं तेव्हा नाही, न्यायालयानं सांगितलं तेव्हाही नाही. पुरुषांना आवरता येईना तेव्हा. याला शिंगणापूरचं पुरोगामित्व म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसऱ्याच्या देवळाबद्दल बोलण्याचा तुम्हाला काय अधिकार, असं कुणी विचारेल आणि त्याचं बरोबर असेल. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रीला आजही धर्मगुरू होता येत नाही. वेदीवर सेवा करायला मुलींना परवानगी मिळाली तीही 1994 मध्ये. जातीचं तर विचारूच नका: बाप्तिस्मा एक, पण सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारणारी घरं आमच्यातही आहेत. तरी मी बोलतो, कारण प्रश्न कुणाचं देऊळ याचा नाही, राखण कशाची करायची याचा आहे. वर मी शिंगणापूरची रीत सरस म्हटलं. ते आता पुरतं टिकत नाही. घराची चौकट उघडी ठेवणाऱ्यांनीच चौथऱ्याची राखण इतक्या कडक हातानं केली, तर उघडेपणा सोयीपुरताच होता असं म्हणावं लागतं. पण ते म्हणतानाही शेतावर गेलेली ती बाई आठवते आणि माझाच निकाल मला अन्यायाचा वाटतो; चौथऱ्याचे नियम तिनं थोडेच केले होते.

आगमनकाळात घरोघर प्रार्थनासभा होतात. त्यांत यंदा एक विषय घ्यावा, अशी माझ्या मंडळींना विनंती आहे: आपल्या चर्चमध्ये न विचारता कोण आलं तर आपण अस्वस्थ होऊ, त्यांची यादी करा. मोठ्यानं वाचा. नाताळाच्या खर्चाची चर्चा नंतर केली तरी चालेल.