‘आऊट’ नसलेलं जंगल

वाढदिवसाला ‘जंगल थीम’ हवी, असा फोन आला की मागणी बहुधा ठरलेली असते. हिरवे फुगे, पुठ्ठ्याचा जिराफ, वाघाच्या पट्ट्यांचा केक, आणि ‘ताई, मुलांना दीड तास गुंतवून ठेवा.’ पहिल्या तीन गोष्टी सजावटवाल्याच्या, चौथी माझी. निसर्गशिक्षणाच्या कामाला जोड म्हणून हे खेळ घ्यायला लागले; आता आवडीनं घेते.

पण एक गोष्ट मी फोनवरच सांगून टाकते. संगीतखुर्चीला ‘माकडखुर्ची’ म्हटल्यानं जंगल होत नाही. प्राण्याची खरी सवय हाच खेळाचा नियम व्हायला हवा. तसं झालं की ‘मिळून खेळा रे’ असं ओरडावं लागत नाही.

चितळ आणि वानर घ्या. ताडोबा-पेंचकडच्या रानात वानरांच्या झाडाखाली चितळं चरताना दिसतात. वानरांच्या हातून पडलेला पाला त्यांना आयता मिळतो, आणि वाघ-बिबट्या दिसला की वरून ‘खॅक, खॅक’ असा इशाराही मिळतो. सोसायटीच्या बागेत हे उभं करायला फार काही लागत नाही. दोन वानरं बाकावर. दहा-बारा चितळं वाकून सुकी पानं वेचणार, मान वर करायची नाही. एक वाघ झुडपांआडून दबकत येणार. वानर ओरडलं की चितळांनी जागच्या जागी थांबायचं आणि वाघानं परत रेषेवर जायचं.

हा शेवटचा नियम मुलांना मुळीच पटत नाही. ‘वाघ कशाला परत जाईल? धावून पकडेल ना!’ मग सांगायची संधी मिळते: दबा धरून शिकार करणाऱ्याचा सगळा डाव न दिसण्यावर असतो, आपण दिसलो हे कळलं की तो बऱ्याचदा नाद सोडतो. तिसऱ्या-चौथ्या डावात एखादं वानर गंमत म्हणून उगाच ओरडतं. दोनदा फसलेली चितळं पुढच्या हाकेला पानं वेचतच राहतात, आणि नेमका तेव्हाच वाघ येतो. मग सगळी चितळं वाघाला सोडून वानरावर तुटून पडतात. विश्वासाबद्दल मला वेगळं काही बोलावं लागत नाही.

पार्टीतल्या खेळांचा खरा शत्रू म्हणजे ‘आऊट’. बाद झालेलं मूल आधी वेफर्सकडे वळतं, मग कुणाच्या तरी मोबाइलकडे. पाठोपाठ आणखी चौघं जातात. यावरचा उत्तम तोडगा मला अमेरिकेतल्या ‘प्रोजेक्ट वाइल्ड’ या निसर्गशिक्षण उपक्रमातल्या हरणांच्या खेळात सापडला. दोन रांगा पाठमोऱ्या उभ्या राहतात. एक हरणांची, दुसरी रानाची. पोटावर हात म्हणजे चारा, तोंडावर हात म्हणजे पाणी, डोक्यावर हातांचं छप्पर म्हणजे निवारा. प्रत्येकानं गुपचूप एक खूण ठरवायची. ‘वळा’ म्हटलं की हरणांनी आपल्यासारखी खूण असलेला गडी गाठायचा. सापडला तर तोही हरीण होतो. नाही सापडला तर हरीण मेलं आणि रानात जमा झालं, म्हणजे पुढच्या डावात ते स्वतःच चारा किंवा पाणी. कुणी बाहेर बसत नाही. दर डावाला मी हरणांचा आकडा खडूनं फरशीवर लिहिते. तो भराभर वाढतो आणि एकदम कोसळतो. कारण विचारलं की कुणीतरी बरोबर बोलतं, ‘ताई, आपण जास्त झालो म्हणून मेलो!’

वटवाघूळ-पतंगाच्या खेळातही हीच सोय आहे. जोसेफ कॉर्नेल यांनी तो 1979च्या आपल्या पुस्तकात दिला. मुलांचं रिंगण, आत डोळे बांधलेलं वटवाघूळ आणि उघड्या डोळ्यांचा पतंग. वटवाघळानं टाळी वाजवली की पतंगानंही वाजवायची. भक्ष्याजवळ पोचताना खरं वटवाघूळ घाईघाईनं हाका देतं. जास्त टाळ्यांचा फायदा मुलांनाही लगेच कळतो. रिंगणातल्यांचं काम चिडीचूप राहण्याचं, आणि सगळ्यात अवघड तेच.

आपली साखळीही अशीच. रानकुत्री कळपानं शिकार करतात, पांगली की शीळ घालून एकमेकांना गाठतात. पकडला गेलेला गडी साखळीत येतो आणि नुसत्या शीळेवर साखळीनं वळायचं, एवढाच मी घातलेला फेरफार. नातवंडांना घेऊन आलेल्या आज्याही यात उतरतात. शिकारीवर रानकुत्री पिल्लांना आधी खाऊ देतात, म्हणून केक वाटतानाही सगळ्यात धाकट्यांची रांग पुढे.

काही पालक ‘एखादा जिवंत पोपट किंवा कासव आणाल का?’ असंही विचारतात. आपला पोपट असो वा चांदणी कासव, त्यांना बाळगणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. जिराफाच्या कमानीशेजारी शेकरूचं एक चित्र मात्र मी हट्टानं लावायला सांगते. आपल्या राज्यप्राण्याला ‘मोठी खार’ म्हणणारी मुलं दर पार्टीत भेटतात.

राहिला उत्सवमूर्ती. त्याला वाघच व्हायचं असतं, आणि पहिला डाव त्याचाच असतो. दुसऱ्यात तो चारा होतो. मुलांना याचं काही वाटत नाही. कॅमेरा धरून उभ्या आईबाबांना वाटतं. ‘अहो, त्याचा वाढदिवस आहे!’ म्हणून पैसे ठरवतानाच मी ही अट घालते. जागा, वेळ, मुलांची संख्या, यांत तडजोड करायला माझी ना नसते.