तळघरातले तीन पंप

२०१४च्या ऑक्टोबरात आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरजवळ घर घेतलं. तळघरात बॉयलरशेजारच्या फळीवर तीन जुने पंप ओळीने मांडून ठेवले होते. आधीच्या मालकाने सुटे भाग म्हणून ठेवले असतील, असं वाटून मी ते पुसून परत तिथेच ठेवले. तिन्ही गंजून अडकलेले होते, हे कळायला जानेवारी यावा लागला.

आमच्या तळमजल्याच्या काँक्रीटमध्ये प्लॅस्टिकच्या नळ्या पुरलेल्या आहेत. बॉयलरमध्ये तापलेलं पाणी त्यांतून फिरतं, जमीन उबदार करतं आणि परत बॉयलरकडे येतं. तेच ते पाणी, वर्षानुवर्षं. ही ऊब फार सुखाची असते. बर्फातून आत आल्यावर ती आधी तळपायांना कळते. जानेवारीतल्या एका रात्री बाहेर उणे १८ अंश होतं आणि चालू असलेला चौथा पंपही अडकला. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता. आम्ही चौघे वरच्या मजल्यावर एका खोलीत, एका विजेच्या हीटरभोवती झोपलो.

सकाळी आलेल्या माणसाने पंप बदलला. नवा पंपही बिडाचाच. पंप का अडकला, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरात ऊब परत आली एवढंच मला पुरेसं होतं. विचारायला हवं होतं, कारण दोन हिवाळ्यांनी एक्सपान्शन टँकच्या, म्हणजे तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीच्या, पत्र्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. खाली बादली लावली, तर तिच्यात पावसाळ्यातल्या ओढ्यासारखं तांबडं पाणी.

या वेळी दुसऱ्या, वयस्क प्लंबरना बोलावलं. त्यांनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. टॉर्च घेऊन ते नळ्या काँक्रीटमधून वर येतात त्या कोपऱ्यात वाकले आणि नळीवरची बारीक छपाई वाचू लागले. मग म्हणाले, ‘हिच्यावर ऑक्सिजन बॅरिअर असं कुठेच लिहिलेलं नाही. पंपाचा दोष नाही हा.’

मला आधी पटेना. नळीतून पाण्याचा थेंब बाहेर येत नाही, तर हवा आत कशी जाईल? त्यांनी समजावलं ते असं. बंद पाण्यात सुरुवातीला असलेला ऑक्सिजन लोखंड खाऊन टाकतं. तो संपला की गंज थांबतो; म्हणूनच धातूच्या बंद नळ्यांवरचे बिडाचे पंप वीस-वीस वर्षं चालतात. पण १९८०च्या दशकातल्या पुष्कळ नळ्या साध्या पेक्स प्लॅस्टिकच्या आहेत. त्या प्लॅस्टिकमधून ऑक्सिजनचे रेणू झिरपतात. बाहेर हवेत ऑक्सिजन भरपूर, आत पाण्यात जवळजवळ नाही, म्हणून तो आत ओढला जातो. पाणी जितकं गरम, तितका जास्त. लोखंड तो खातं, आत पुन्हा जागा होते, पुन्हा नवा येतो. नंतरच्या नळ्यांवर हा शिरकाव रोखणारा ईव्हीओएचचा पातळ थर असतो. आमच्या नळ्यांवर तो नव्हता.

तेव्हा मला आमची साताऱ्याकडची विहीर आठवली. तिच्यातला लोखंडी पाइप कायम बुडालेल्या भागात टिकायचा आणि वर कोरड्यातही टिकायचा. पापुद्रे सुटायचे ते जिथे पाणी खाली-वर व्हायचं त्या पट्ट्यात, जिथे पाणी आणि हवा दोन्ही भेटायचे. आमच्या तळघरातलं सगळं लोखंड त्या पट्ट्यात बसलेलं होतं.

काँक्रीट फोडून नळ्या बदलणं परवडणारं नव्हतं. दरवर्षी गंजरोधक रसायन घालून त्याची मात्रा तपासत राहणं हा एक मार्ग होता, पण एखाद्या वर्षी विसर पडला की झालं. बॉयलर स्वतःच बिडाचा, तेव्हा नुसता पंप बदलूनही भागणार नव्हतं. शेवटी बॉयलरचं पाणी आणि जमिनीतल्या नळ्यांचं पाणी वेगळं केलं. मधे स्टेनलेस स्टीलचा प्लेट हीट एक्स्चेंजर बसवला: पातळ पत्र्यांच्या एका बाजूने बॉयलरचं पाणी, दुसऱ्या बाजूने जमिनीचं. उष्णता पलीकडे जाते, पाणी जात नाही. बॉयलरच्या बाजूला बीड-लोखंड खुशाल राहू दिलं. जमिनीच्या बाजूला मात्र लोखंडाचा कणही नको, असं ठरवलं.

त्या बाजूचा पंप काशाचा घेतला; बिडाच्या पंपाच्या जवळजवळ दुप्पट किमतीचा. एक्सपान्शन टँक पिण्याच्या पाण्यासाठी करतात तसला, आतून अस्तर असलेला, म्हणजे पाणी पत्र्याला शिवत नाही. व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड आणि हवा वेगळी करणारं भांडं पितळेचं. पितळेतही जस्त झिजून ठिसूळ होणार नाही असं पितळ मागून घ्यावं लागतं. काम संपत आलं तेव्हा मदतनिसाने पिशवीतून दोन इंचांचा गॅल्व्हनाइज्ड तुकडा काढला. मी हात धरून थांबवलं. तो म्हणाला, एवढ्याशाने काय होतंय? पण बाकी सगळं न गंजणारं असताना येणारा सगळा ऑक्सिजन त्या एकट्या तुकड्याच्या वाट्याला आला असता. पितळेचा तुकडा आणायला तो चाळीस मिनिटं गेला, आणि ती चाळीस मिनिटं मला मुळीच जड गेली नाहीत.

बॉयलरच्या बाजूला आता मी एकच गोष्ट जपते. आपोआप पाणी भरणारा व्हॉल्व्ह छोटी गळती झाकतो, आणि भरलेलं प्रत्येक नवं पाणी सोबत ऑक्सिजन आणतं. म्हणून पाणी कमी झालं तर बॉयलर बंद करणारं यंत्र बसवून घेतलं, भरण्याचा व्हॉल्व्ह मिटला, आणि दाबाचा काटा १२ पीएसआयवर आहे ना, हे महिन्याला बघते.

इथल्या थंड राज्यांत जुनी घरं घेणाऱ्या आपल्या माणसांना माझं एवढंच सांगणं आहे. करारावर सही करण्याआधी टॉर्च घेऊन तळघरात जा, नळीवर काय छापलंय ते अक्षर न् अक्षर वाचा, आणि फळीवर जुने पंप दिसले तर ते का काढले, हे विचारा.