‘आमचा अंतर्गत मामला’ आणि नर्गिस वादळ

२००८ चा मे महिना. आम्ही वस्तीत बुद्धजयंतीची वर्गणी गोळा करत होतो आणि ब्रह्मदेशात नर्गिस वादळ आल्याची बातमी आली. विहारात ठरले की यंदा मिरवणूक साधी काढायची आणि उरलेले पैसे तिकडे पाठवायचे. १९५४ साली बाबासाहेब रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले होते, यापलीकडे त्या देशाची आम्हाला माहिती नव्हती. पैसे पाठवायचे कोणाकडे, हेही कोणाला सांगता येईना.

आमचे सोडा. अमेरिका आणि फ्रान्सच्या नौका मदत घेऊन समुद्रात उभ्या होत्या, त्यांनाही लष्करी राजवटीने किनाऱ्याला लागू दिले नाही. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ३८ हजार माणसे. आणि त्यातच १० मे रोजी राजवटीने नव्या संविधानावर सार्वमत उरकून घेतले, वादळग्रस्त भागात फक्त दोन आठवडे पुढे ढकलले. संसदेतील एक चतुर्थांश जागा लष्करासाठी राखणारे ते संविधान! (आपल्या आरक्षणावर नाक मुरडणाऱ्यांना हे आरक्षण कधी खुपलेले मी पाहिले नाही.)

दार उघडले ते शेजाऱ्यांनी. म्यानमार १९९७ पासून आसियानचा सदस्य. १९ मे रोजी सिंगापूरला आसियानचे परराष्ट्रमंत्री बसले, आणि मदत आसियानच्या पुढाकाराने आत जाईल असे ठरले. मग राजवट, आसियान आणि संयुक्त राष्ट्रे असा त्रिपक्षीय गट झाला. मदतकर्मींचे व्हिसा सुटू लागले, गावोगाव नुकसानीची संयुक्त पाहणी झाली. उशीर झालाच होता, दोन आठवडे उलटून गेले होते. पण आसियानचे सरचिटणीस सुरिन पित्सुवान यांच्या हाती ना फौज होती ना मोठा खजिना. दहा देशांचा एक आवाज होता, आणि राजवटीला तो परक्याचा म्हणून झटकता येत नव्हता.

मित्रहो, ‘अंतर्गत मामला’ ही भाषा आपल्याला नवी नाही. बहिष्कार पडलेल्या गावात आपण जातो. किराणा बंद, दळण बंद. पाटील चहा पाजतो आणि म्हणतो, “आमच्या गावचं आम्ही बघून घेऊ, बाहेरच्यांनी कशाला पडायचं?” २००१ साली डर्बनच्या परिषदेत जातीचा प्रश्न नको म्हणून भारत सरकार अडून बसले, तेव्हाचा सूरही हाच. बाबासाहेबांनी मात्र १९४६ मध्येच अमेरिकेतील विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती.

आसियानचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. एकमेकांच्या कारभारात दखल द्यायची नाही, हा तिचा मूळ नियम. २०१७ मध्ये सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले, तेव्हा आसियानच्या निवेदनात त्यांचे नावसुद्धा नव्हते. मलेशियाने त्या निवेदनापासून अंग काढून घेतले. आपली काही पोरे तेव्हा म्हणत होती, “बौद्ध देश आहे, गप्प राहू.” मला त्याची आजही लाज वाटते. चीवराला वंदन करायचे म्हणजे बंदुकीलाही करायचे काय?

२०२१ च्या बंडानंतर एप्रिलमध्ये जकार्तात पंचसूत्री ठरली: हिंसा थांबवा, संवाद करा, मदत जाऊ द्या. सेनाप्रमुख बैठकीला हजर होता. परत जाऊन त्याने ती गुंडाळून ठेवली. एकमताशिवाय निर्णय नाही, आणि थायलंडचे सूत जुंटाशी वेगळेच जुळलेले. फार तर ऑक्टोबरच्या शिखर परिषदेला सेनाप्रमुखाला बोलावले नाही. वादळाच्या विरोधात दहाही देश एक झाले होते. सेनापतीच्या विरोधात झाले नाहीत, आणि आवाज फुटला की त्याचा उपयोग सेनापतीलाच होतो.

२००८ ची आमची वर्गणी शेवटी अभ्यासिकेच्या पुस्तकांत गेली. मार्च २०२५ मध्ये मंडाले भूकंपाने हादरले, त्यानंतरही जुंटाचे हवाई हल्ले चालूच होते. त्या आठवड्यात अभ्यासवर्गातला एक मुलगा पावतीबुक घेऊन आला. “सर, सुरू करू का?” मी म्हटले, “कर. पण आधी शोधून काढ, हे कोणाच्या हातून लोकांपर्यंत जाणार.”