बिदरकर, गुलबर्गेकर आणि एक न संपणारा वाद

बिदरकर आणि गुलबर्गेकर एका पंगतीस बसले, की पहिला घास तोंडात जाण्यापूर्वीच वादास आरंभ होतो. कोणाच्या गावी चांगले जेवण मिळते, कोणाच्या गावी खरी कला आहे आणि कोणाचे गाव अधिक जुने, हे त्या वादाचे तीन ठरलेले विषय. सोयरिकीची बैठक असो, लग्नाचा मांडव असो, हा वाद कोठेही पेटतो आणि त्यात कोणी हरल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सीमाभागातील आम्हां मराठी घरांना तो वडिलोपार्जित शेतासारखाच मिळालेला आहे. म्हणून ही दोन्ही शहरे पाहावयाची तर या वादाचे बोट धरूनच पाहावीत, असे आम्हांस वाटते.

गुलबर्गेकराचा पहिला डाव इतिहासाचा. बहमनी राज्याची राजधानी १३४७ मध्ये गुलबर्ग्यास स्थापन झाली. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहाने ती बिदरला हलविली. “आमची राजधानी नेऊन मोठे झालात तुम्ही,” हा टोमणा सहाशे वर्षांनंतरही ताजा आहे. २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले. पण वाद घालताना मराठी जिभेवर गुलबर्गाच येते.

दुसरा डाव ताटाचा. गुलबर्ग्याच्या लिंगायत खानावळीत कागदासारखी पातळ ज्वारीची भाकरी, तेल सुटलेली भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि अंबाडीची भाजी ताटात येते. वाढपी तिला ‘पुंडीपल्ले’ म्हणतो, आम्ही ‘अंबाडी’ म्हणून मागतो. दोघांनाही दुसऱ्याचा शब्द ठाऊक असतो. तुरीच्या वरणाविषयी तर बोलावयासच नको. येथील तूरडाळीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून गुलबर्गेकर वरणाची वाटी पदकासारखी पुढे करतो. ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्याच्या गावी आल्यावर तहारी आणि खव्याची मालपुरी चाखल्यावाचून परतणे म्हणजे यात्रा अर्धी सोडणे, असे तेथील खवय्ये सांगतात. आणि हे सारे कमी पडले, तर गाणगापूर आहेच. अवघा महाराष्ट्र ज्या दत्तक्षेत्री दुपारी माधुकरीसाठी झोळी पसरतो, ते गुलबर्ग्याच्याच जिल्ह्यात. “तुम्ही आमच्याकडे मागून खाता,” या वाक्यावर बिदरकर क्षणभर निरुत्तर होतो.

परंतु क्षणभरच. “अहो, हैदराबादेत ज्या कल्याणी बिर्याणीवर गोरगरीब पोट भरतात, तिचे नाव आमच्या बसवकल्याणच्या नवाबांवरून पडले,” असे तो ऐकवितो. मग महमूद गवानाच्या १४७२ च्या मदरशाकडे बोट दाखवितो. त्या भग्न दर्शनी भिंतीवरील निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे आजही उन्हात चमकतात. आणि शेवटी तो आपले ब्रह्मास्त्र काढतो: बिदरी.

ही कला पाहण्यासारखी आहे. भांडे ओतले जाते ते मुख्यतः जस्ताचे, त्यात थोडे तांबे. मोरचुदाच्या पाण्याने ते तात्पुरते काळे करतात, म्हणजे नक्षीची रेघ उठून दिसते. मग छिन्नीने ती नक्षी कोरून खाचेत चांदीची तार ठोकून बसवितात. अखेरीस किल्ल्यातील जुन्या जागेची माती नवसागराबरोबर कालवून तापलेल्या भांड्यावर चोळतात. जस्ताचा भाग काजळासारखा काळा होतो, चांदी मात्र तशीच लखलखते. कोणतीही माती या कामास चालत नाही. ती पारखण्यासाठी कारागीर चिमूटभर जिभेवर ठेवून पाहतात. “आमच्या गावी कलासुद्धा चव घेऊन पारखतात,” हे बिदरकराचे बोलणे अगदीच पोकळ नाही. २०२३ मध्ये शाह रशीद अहमद कादरी या कारागिरास पद्मश्री मिळाली, तो दिवस त्याने सणासारखा साजरा केला असल्यास नवल नाही.

यावर गुलबर्गेकर हळूच विचारतो, “तुमची बिदरी कपाटात. आमची कला कोठे होती, ठाऊक आहे? तुमच्या देवघराच्या भिंतीवर!” १९१६ मध्ये गुलबर्ग्यास जन्मलेले चित्रकार एस. एम. पंडित मुंबईस गेले; तेथे त्यांनी चित्रपटांची भित्तिचित्रे रंगविली आणि राधाकृष्णांची, पुराणकथांची चित्रे काढली. ती दिनदर्शिकांवर छापली जाऊन घरोघर, दुकानोदुकानी पोहोचली. ज्यांना चित्रकाराचे नाव ठाऊक नव्हते, त्यांनीही त्या चित्रांपुढे हात जोडले. उत्तरायुष्यात पंडित आपल्या गावी परतले. १९९३ मध्ये ते निवर्तले.

येथे वाद थांबत नाही, पण त्याचा सूर बदलतो. कारण दोघांच्याही आठवणीत १९५६ हे साल येते. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा एका राज्यात, भालकी, औराद दुसऱ्या राज्यात. माहेर एकीकडे आणि सासर दुसरीकडे. वेळ अमावास्येची भज्जी आणि आंबील मात्र त्या रेघेच्या दोन्ही बाजूंस, त्याच दिवशी, शेतात बसून खाल्ली जाते. सरकारी कागदांना जे जोडून ठेवता आले नाही, ते या जेवणाने जोडून ठेवले.

या दोन शहरांमध्येही रेल्वेची थेट वाट नव्हती. विकाराबाद व वाडीचा वळसा घ्यावा लागे. ऑक्टोबर २०१७ मध्ये बिदर–कलबुर्गी मार्ग खुला झाला आणि हुमनाबाद मधले स्थानक ठरले. तेथून जवळच माणिकनगर, माणिकप्रभूंचे समाधिस्थान. प्रभूंनी मराठीत, कानडीत आणि हिंदुस्थानीत पदे रचली. त्या पंगतीत कोण कोणत्या गावचा, कोणत्या भाषेचा, हे कोणी विचारीत नाही.

आम्हांला काळजी वाटते ती निराळीच. चांदी महागत चालली आहे आणि कारागिरांची मुले अन्य उद्योगांकडे वळत आहेत. आमची मुले पुण्यास, हैदराबादेस, बेंगळुरास नोकरीनिमित्त राहतात; सणाला येतात तेव्हा हा वाद ऐकून हसतात, पण त्यात पडत नाहीत. पडणार कशी? अंबाडीची चव ज्याला ठाऊक नाही, बिदरीचा थंड, जड पेला ज्याने हाती घेतला नाही, तो कोणाची बाजू घेणार?

म्हणून वाचकांस एक विनंती. येत्या सुटीत मुलांना घेऊन एका दिशेने आगगाडीने जावे आणि दुसऱ्या दिशेने मोटारीने यावे. वाटेत कमलापूरची तांबडी केळी घ्यावीत. एका गावी जेवावे, दुसऱ्या गावी छिन्नीचा ठोका ऐकत कारागिराजवळ घटकाभर बसावे. आणि परतल्यावर मुलांना विचारावे, कोणते गाव चांगले? त्यांच्यात भांडण जुंपले, तर ते मिटवू नये.