उजेड ओट्यावर हवा

टोरोंटोच्या आसपास कुणी घर विकायला काढलं की जाहिरातीत हार्डवुडची जमीन, ग्रॅनाइटचा ओटा आणि घरभर पॉट लाइट्स हे हमखास असतं. छतात भोक पाडून आत बसवलेले हे गोल दिवे इथे घराची शान समजले जातात. पुण्या-मुंबईत त्यासाठी स्लॅबखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग करून घ्यावं लागतं. इथलं घर लाकडी सांगाड्याचं. छत म्हणजे तुळयांना खालून ठोकलेला ड्रायवॉल, आणि त्याच्या वर पोकळी तयारच. भोक पाडणं सोपं, म्हणून लोक पाडत सुटतात. दहा बाय बाराच्या स्वयंपाकघरात चांगले सोळा दिवे मी पाहिलेत, सगळे एका रांगेत. विमान उतरवायचंय की काय, असं वाटावं. आणि एवढं करून सुरी चालते तिथे नेमका अंधार.

कारण साधं आहे. दिवे खोलीच्या मध्यावर, आणि कांदा चिरणारा माणूस त्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलेला. त्याची स्वतःचीच सावली त्याच्या पाटावर. इथला ओटा साधारण पंचवीस इंच खोल आणि वरची कपाटं बारा इंच. म्हणजे दिवा भिंतीपासून दोन फुटांवर, ओट्याच्या कडेच्या बरोबर वर आला, तर उजेड डोकं आणि कपाट यांच्या मधून खाली उतरतो. आणखी आत सरकवला तर कपाटाची दारंच उजळून निघतात. पाहुण्यांना ते छान दिसतं, पण त्यांना कुठे भाजी निवडायची असते!

आमचं मिसिसागातलं एकमजली घर ऐंशीच्या दशकातलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे स्वयंपाकघराच्या छताला ट्यूबलाइटची मोठी पेटी आणि तिच्याखाली पिवळट पडलेलं प्लास्टिक. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि संध्याकाळी पाचला काळोख होतो. डिसेंबरात तर सूर्य पावणेपाचच्या आतच मावळतो. कणिक मळण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळं विजेच्या उजेडात. तेव्हा नवे दिवे बसवणं ही चैन नव्हती, निदान आम्ही तरी स्वतःची तशी समजूत घालून घेतली.

सहा दिवे ठरले, चार इंची, नऊ वॉटचे. खरा वाद रंगावरून. हल्लीच्या चपट्या एलईडीच्या डबीवर बारीक खटका असतो: २७००, ३०००, ३५००, ४०००, ५००० केल्विन. आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका पांढरा. आपण ६५००च्या पांढऱ्याफेक ट्यूबलाइटखाली अभ्यास करून वाढलेले, त्यामुळे पिवळा उजेड म्हटलं की लोडशेडिंग आठवतं. शेजारच्या गोऱ्या आजींना मात्र पांढरा उजेड दवाखान्यातला वाटतो. माझं म्हणणं एवढंच, की लसूण सोनेरी झालाय की करपायला लागलाय हे कढईत कळलं पाहिजे. २७००मध्ये सगळंच सोनेरी दिसतं. ३५००वर तह झाला.

त्याहून महत्त्वाचा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो, सीआरआय. रंग कितपत खरे दिसतील त्याचं हे माप, शंभरपैकी. स्वस्तातले दिवे ऐंशीच्या आसपास असतात आणि त्यांची मेख बहुधा लाल रंगात. रस्सा तिखट घालूनही मळकट दिसतो, मग माणूस आणखी चमचाभर घालतो. नव्वदच्या खालचा दिवा स्वयंपाकघरात घेऊ नये.

ओंटारियोत नवीन वायरिंग करायचं तर इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीकडे नोंद करावी लागते. स्वतःच्या घरात घरमालक स्वतः काम करू शकतो, नोंद मात्र त्यालाही चुकत नाही; पैसे देऊन करून घ्यायचं तर कंत्राटदार परवानाधारकच हवा. ‘रोखीत करून देतो, कागद कशाला’ म्हणणारे आपल्याच लोकांत भरपूर भेटतात. मी हात जोडतो. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रल असायची, इथे काळीच जिवंत असते आणि पांढरी न्यूट्रल. देशातल्या अनुभवावर स्टुलावर चढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

ब्रॅम्प्टनहून आलेल्या इलेक्ट्रिशियन पाजींनी करवतीच्या चक्राला प्लास्टिकचा वाडगा लावला होता, छताचा भुगा बरोबर त्यात पडत होता. भोकातून आधी पातळ प्लास्टिक दिसलं आणि त्यावर गुलाबी फायबरग्लास. आमच्या वर थेट माळा, आणि हिवाळ्यात तो उणे वीसपर्यंत गार पडू शकतो. कुकरच्या शिट्ट्यांची वाफ फटीतून तिथे पोचली की गोठते, मग वितळून लाकडाला बुरशी आणते. म्हणून दिवा हवाबंद आणि आयसी रेटेड, म्हणजे फायबरग्लास अंगाला लागलं तरी धोक्याइतका न तापणारा. पाजींनी कापलेल्या प्लास्टिकची प्रत्येक कड लाल चिकटपट्टीने बंद केली. बटण दाबून दिवा लागतो की नाही एवढंच पाहणाऱ्याला हे काम कधी दिसायचं नाही. डबी वर ढकलण्याआधी त्यांनी बजावलं, “पहले रंग पक्का कर लो जी, फिर ऊपर जाएगा.” मग दोन्ही स्प्रिंगा उभ्या धरून दिवा आत सरकवला, आणि तो खट्कन छताला चिकटला.

दिव्याची तबकडी जराशी खोल बसलेली निवडली ती आईसाठी. तिची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. ती आली की टेबलाशी बसून मेथी निवडते, आणि मान वर केली की सपाट दिव्याची तिरीप थेट डोळ्यात जाते. डिमरही बदलला. जुना डिमर सहाशे वॉटच्या बल्बांसाठीचा. चोपन्न वॉटच्या एलईडीवर गुणगुणायचा आणि दिवे लुकलुकायचे. आता सकाळी डब्याच्या वेळी पूर्ण उजेड, रात्री दूध विरजायला निम्मा.

जास्तीचे आणलेले दोन दिवे बेसमेंटमध्ये गेले. मुलाने तिथे ५००० केल्विन लावलंय. लावू दे, त्याला तिथे कुणी लसूण परतायला सांगत नाही.